वाटीचे ग्रॅम : सुक्या मेव्याचे माप व वजन यांचा भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या बाजारात सुका मेवा विकला जातो तो वजनाने; घरात तो वापरला जातो तो मापाने. काट्यावर पाव किलो बेदाणे तोलून घेतले जातात आणि घरी आल्यावर त्यांतूनच शिऱ्यासाठी ‘मूठभर’ किंवा लाडवांसाठी ‘वाटीभर’ काढले जातात. हे दोन व्यवहार इतके अंगवळणी पडलेले आहेत की, त्यांच्यामध्ये एक रूपांतर दडलेले आहे हे सहसा जाणवत नाही. ते जाणवते ते अडचणीच्या वेळी. सासूने तोंडी सांगितलेली डिंकाच्या लाडवांची कृती सून कागदावर उतरवू लागते, शंभर माणसांच्या पंगतीसाठी आचाऱ्याला सामानाची यादी हवी असते, किंवा मधुमेही रुग्णाला आहारतज्ज्ञ ग्रॅममध्ये प्रमाण देतो; अशा प्रसंगी ‘वाटीभर म्हणजे किती?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कोष्टकात तयार मिळेल अशी सर्वसाधारण समजूत असते. कोष्टक उपयोगी आहे यात शंका नाही. तथापि, कोष्टकातील अंक लावण्यापूर्वी कृतीतील वाक्याचा अर्थ निश्चित व्हावा लागतो आणि तो केवळ ‘वाटी’ या शब्दाने निश्चित होत नाही. कोणते भांडे, ते कसे भरलेले, आणि भरताना पदार्थ कोणत्या अवस्थेत होता, या तीन गोष्टी सांगितल्याखेरीज ‘वाटी’ हे परिमाणच ठरत नाही. जुन्या मराठी व्यवहारात या तिन्ही गोष्टी सांगण्याची भाषिक सोय होती. आजच्या लेखी पाककृतींत ती बहुतांशी गळून पडली आहे. प्रस्तुत लेखात मापावरून वजनाकडे जाण्याची रीत या दृष्टीने स्पष्ट केली आहे.

२. माप आणि वजन : परंपरेतील भेद

आकारमान आणि वजन हे दोन वेगळे मोजण्याचे प्रकार आहेत, ही जाणीव भारतीय शास्त्रपरंपरेत जुनी आहे. पाणिनीच्या पाचव्या अध्यायातील तद्धित प्रकरणावर भाष्य करताना पतंजलीने तोलून ठरणारे ते उन्मान, भांड्यात भरून ठरणारे ते परिमाण, लांबीने ठरणारे ते प्रमाण, आणि या सर्वांहून निराळी ती संख्या, असा विवेक केला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) धान्याच्या मापाची व्याख्या भूमितीच्या आधारे केलेली आहे. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी एक हात असलेल्या भांड्यात मावेल ती खारी. तिचा सोळावा भाग द्रोण. द्रोणाचा चौथा भाग आढक. आढकाचा चौथा भाग प्रस्थ. आणि प्रस्थाचा चौथा भाग कुडव. या व्याख्येत तराजूचा संबंध कोठेही येत नाही.

मराठी मुलखात रूढ असलेली कोरड्या मापांची मालिका चौपटीची नसून दुपटीची आहे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. पायलीच्या पुढे मण व खंडी येतात. तेथे मात्र प्रांतोप्रांती फरक पडत असे. सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात ही मालिका एकटी नव्हती. येथील तेलुगू भाषकांच्या परंपरेत गिद्दे, सोल, तव्व, मानिक अशी निराळी नावे आहेत. कन्नडमध्ये पावु, अच्चेरु, सेरु हे शब्द आहेत. नावे भिन्न असली तरी तत्त्व एकच : धान्य भांड्यात ओतावयाचे आणि भांडी मोजावयाची.

वजनाची मालिका याहून स्वतंत्र होती. पाच तोळ्यांचा एक छटाक, सोळा छटाकांचा म्हणजे ऐंशी तोळ्यांचा एक शेर, आणि चाळीस शेरांचा एक मण. अडचण उद्भवली ती ‘शेर’ या शब्दामुळे. तो दोन्ही मालिकांत आहे. ‘शेरभर दाणे’ म्हटले असता मापी शेर की वजनी शेर, हे वक्त्याच्या धंद्यावरून, पदार्थावरून आणि गावावरून ओळखावे लागे. ‘मण’ या शब्दाची स्थितीही अशीच. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून किंचित अधिक. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन अर्थांत जवळजवळ तिपटीचे अंतर.

१९५६ साली वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली, आणि १९६२ पर्यंत व्यापारात ती सक्तीची झाली. त्यामुळे बाजारातील संदिग्धता संपली. परंतु शब्द संपले नाहीत. ‘पावशेर’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव म्हणजे २३३ ग्रॅम. आज मंडईत ‘पावशेर’ म्हटले की २५० ग्रॅम तोलले जातात. शब्द जुना राहिला आणि त्याचे मूल्य सुमारे सात टक्क्यांनी वाढले. म्हणून १९६० पूर्वीच्या हस्तलिखित वहीत ‘पावशेर खारीक’ असेल, तर तिचे आधुनिक रूपांतर २५० ग्रॅम असे डोळे मिटून करता येत नाही. आणि तो शेर मापी होता अशी शक्यता असेल, तर प्रश्न आणखी एका पायरीने मागे जातो.

घरातील वाटी मात्र या साऱ्या सुधारणेच्या बाहेर राहिली. ती कोणत्याही कायद्याने बांधलेली नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’त प्रमाणे वाटी-चमच्याने दिलेली आहेत, आणि ते योग्यच होते, कारण त्या काळी काटा दुकानात असे, स्वयंपाकघरात नव्हे. एकाच वाटीने सर्व घटक मोजले तर त्यांचे परस्पर प्रमाण टिकते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. वाटी बदलली, किंवा एक घटक वाटीने आणि दुसरा काट्याने मोजला, की हा गुण नाहीसा होतो.

३. भांडे कसे भरले?

मापावरून वजन काढण्याचे सूत्र साधे आहे. भांड्याचे आकारमान मिलिलिटरमध्ये घ्यावे आणि एक मिलिलिटर जागेत त्या पदार्थाचे जितके ग्रॅम मावतात त्या अंकाने गुणावे. या अंकाला राशिघनता म्हणता येईल. ती पदार्थाच्या स्वतःच्या घनतेहून नेहमी कमी असते, कारण भांड्यात पदार्थाबरोबर हवाही असते. अगदी सारख्या आकाराचे गोल मणी भांड्यात टाकून चांगले हलवले तरी भांड्याचा सुमारे ६४ टक्के भागच मण्यांनी व्यापला जातो. बेदाणा गोल नाही, सुरकुतलेला आहे, चिकट आहे आणि दाबला असता दबतो. त्यामुळे त्याच्या राशिघनतेला एकच एक मूल्य नाही.

अमेरिकेच्या कृषिखात्याच्या अन्नघटक कोष्टकांत बेदाण्यांसाठी म्हणूनच दोन आकडे दिलेले आहेत. तेथील एका कपात, म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर जागेत, न दाबता भरलेले बेदाणे १४५ ग्रॅम, आणि दाबून भरलेले १६५ ग्रॅम. हेच प्रमाण १५० मिलिलिटरच्या वाटीला लावले तर अनुक्रमे ९२ व १०५ ग्रॅम होतात. तेरा ग्रॅमांचा हा फरक शिऱ्यात कोणाला कळणार नाही. परंतु शंभर ग्रॅम बेदाण्यांत सुमारे ७९ ग्रॅम कर्बोदके असतात हे ध्यानात घेतले, तर केवळ वाटी दाबून भरल्याने मधुमेही माणसाच्या पोटात सुमारे दहा ग्रॅम कर्बोदके अधिक जातात. त्याच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हे.

दाबण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न शिगेचा. मापाच्या काठावर उभा राहणारा जो ढीग, त्याला मराठीत ‘शीग’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘काठोकाठ’ आणि ‘शिगोशीग’ हे आज साहित्यात अलंकारासारखे वापरले जाणारे शब्द मुळात मापाच्या दोन निश्चित अवस्था सांगतात. शीग किती भर घालते हे गणिताने दाखविता येते. आठ सेंटिमीटर व्यासाची व तीन सेंटिमीटर खोल अशी सरळ कडांची वाटी घेतली, तर तिच्यात सुमारे १५१ मिलिलिटर मावते. तीस अंशांच्या उताराचा ढीग तिच्यावर केला, तर शिगेत सुमारे ३९ मिलिलिटर, म्हणजे वाटीच्या पावपट, माल बसतो. आता त्याच आकारमानाचे पण पाच सेंटिमीटर व्यासाचे उभट भांडे घेतले, तर त्याच उताराची शीग अवघी साडेनऊ मिलिलिटर, म्हणजे सुमारे सहा टक्के, भरते. पसरट वाटीच्या बाबतीत ‘सपाट की शिगेची’ हे सांगणे अधिक अगत्याचे असते ते यामुळे. जुन्या व्यवहारात देणारा-घेणारा यांच्यात हा मुद्दा आधी स्पष्ट होत असे. आजच्या पाककृतीत नुसते ‘१ वाटी’ छापले जाते आणि हा मुद्दा वाचणाऱ्यावर सोपविला जातो.

४. पदार्थ कोणत्या अवस्थेत?

सुक्या मेव्याच्या बाबतीत अवस्थेचा परिणाम सर्वांत मोठा आहे. उपर्युक्त कोष्टकांतच अक्रोडाचे तीन आकडे आहेत. एका कपात अर्धुके १०० ग्रॅम, चिरलेले तुकडे ११७ ग्रॅम आणि पूड ८० ग्रॅम. तुकडे केले की ते पोकळ्यांत बसतात आणि वजन वाढते. परंतु पूड केली की ते अर्धुकांहूनही कमी होते, कारण ताजी पूड फुगीर असते आणि तिचे तेलकट कण एकमेकांना धरून मध्ये हवा अडकवतात. ‘जितके बारीक तितके जड’ हा जो स्वाभाविक तर्क, तो येथे टिकत नाही. बदामाचेही असेच. अख्खे बदाम १४३ ग्रॅम, पातळ काप ९२ ग्रॅम, पूड ९५ ग्रॅम. म्हणजे ‘बदाम एक वाटी’ आणि ‘बदामाची पूड एक वाटी’ यांत वजनाचा तिसरा हिस्सा कमी-जास्त होतो.

येथे प्रश्न पदार्थविज्ञानाकडून व्याकरणाकडे येतो. ‘एक वाटी बदामांची पूड’ या पदबंधाची फोड दोन प्रकारे होऊ शकते. एका फोडीनुसार ‘एक वाटी बदाम’ हा आधी एक गट होतो आणि त्या गटाला षष्ठी लागते : एक वाटी बदाम मोजा, मग त्यांची पूड करा. दुसऱ्या फोडीनुसार ‘बदामांची पूड’ हा गट आधी होतो आणि ‘एक वाटी’ हे त्याचे विशेषण ठरते : पूड करा, मग एक वाटी मोजा. १५० मिलिलिटरच्या वाटीने पहिल्या अर्थी ९१ ग्रॅम बदाम लागतील, दुसऱ्या अर्थी ६०. षष्ठीतील वचन येथे काही अंशी मार्गदर्शक ठरते. ‘बदामाची पूड’ या एकवचनी रूपात बदाम हा सुटा नग न राहता केवळ द्रव्य म्हणून येतो. त्यामुळे वाटी पुडीकडे जाते. ‘बदामांची’ या अनेकवचनी रूपात सुटे बदाम डोळ्यांपुढे राहतात आणि पहिल्या अर्थाला जागा मिळते. बोलताना हा भेद विरामाने स्पष्ट होतो. ‘एक वाटी बदाम... त्यांची पूड’ असे सांगणारी स्त्री कोणतीही संदिग्धता ठेवीत नाही. कृती लिहून काढली जाते तेव्हा विराम गळतो, आणि त्याबरोबर वजनही बदलते.

खारकेच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे, ती बियांची. ‘वाटीभर खारका’ यात बिया धरलेल्या आहेत की नाहीत? मोठ्या, लांबट खारका लहान वाटीत नीट बसत नाहीत. त्यांच्यामध्ये व वाटीच्या कडेशी मोठ्या पोकळ्या राहतात. म्हणून अख्खी खारीक वाटीने मोजणे हे सर्वांत अविश्वसनीय माप होय. जुन्या गृहिणी खारका नगावर सांगत किंवा कुटल्यानंतरची पूड वाटीने सांगत, ते या अनुभवामुळेच सयुक्तिक ठरते.

एकाच नावाखाली भिन्न आकाराचे पदार्थ येतात हेही विसरता कामा नये. ‘बेदाणा’ हा फारसीतून आलेला शब्द केवळ ‘बी नसलेला’ एवढेच सांगतो. मणी गोल की लांबट हे सांगत नाही. सोलापूर जिल्ह्यात तर हा भेद घरचाच आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी निवडलेली ‘सोनाका’ ही द्राक्षाची जात लांबट मण्यांची आहे. तिच्या नावात सोलापूर, नान्नज व काळे यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. तिचा बेदाणा आणि गोल मण्याचा बेदाणा एकाच वाटीत सारखे रचले जातील असे मानण्यास आधार नाही. शिवाय ओलावा आहेच. बेदाण्यातील पाण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे अठरा टक्क्यांपर्यंत असावे असा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेचा दंडक आहे. भिजवलेला बेदाणा मात्र पाणी पिऊन फुगतो, आणि ‘भिजवलेले बेदाणे एक वाटी’ याचा कोरड्या वजनाशी थेट संबंध राहत नाही. द्रव्याच्या अवस्थेनुसार प्रमाण बदलावे ही दृष्टी आयुर्वेदातही आहे. शार्ङ्गधरसंहितेच्या परिभाषेत ओली द्रव्ये कोरड्यांच्या दुप्पट घेण्याचा नियम सांगितलेला आहे.

५. ‘भर’ या प्रत्ययाविषयी

माप आणि वजन यांची सरमिसळ मराठीत केवळ ‘शेर’ या शब्दापुरती मर्यादित नाही. ‘वाटीभर’, ‘मूठभर’, ‘ओंजळभर’ यांत ‘भर’ म्हणजे भरेल इतके. येथे भांडे वा हात प्रत्यक्ष भरतो. परंतु ‘तोळाभर’, ‘किलोभर’ यांत भरण्याजोगे काहीच नाही. ‘भरणे’ आणि ‘भार’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘भृ’ धातूच्या परिवारातील असल्याने एकाच प्रत्ययात जागा व्यापणे आणि ओझे होणे या दोन्ही कल्पना सुखेनैव नांदतात. मराठी भाषकाला ‘वाटीभर’ आणि ‘किलोभर’ ही एकाच जातीची परिमाणे वाटतात, याचे एक कारण हे असावे.

दुसरे निरीक्षण वचनाविषयी. ‘दोन वाट्या रवा’ हा परंपरागत प्रयोग. त्याच्या जोडीने ‘दोन वाटी रवा’ हाही आता सर्रास ऐकू येतो. पहिल्यात वाट्या हे डोळ्यांपुढील भांडे आहे. दुसऱ्यात अनेकवचन गळून वाटी ‘किलो’प्रमाणे अविकारी एकक होऊ पाहते. भाषेने तिला एककाचा दर्जा दिला. परंतु एककाला लागणारी निश्चिती तिला कोणीही दिलेली नाही. नेमका हाच रूपांतरातील अडचणीचा उगम होय.

६. रूपांतराची रीत

व्यवहारात पुढील क्रम पाळावा. प्रथम वाटीचे आकारमान काढावे. रिकामी वाटी काट्यावर ठेवावी, काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलावी. वाढलेले ग्रॅम म्हणजेच जवळजवळ तितके मिलिलिटर. नंतर वाक्याची फोड करावी : माप चिरण्यापूर्वीचे की नंतरचे, सपाट की शिगेचे, दाबून की हलके. त्यानंतर त्या पदार्थाचा अंक घेऊन गुणाकार करावा.

वर उल्लेखिलेल्या कोष्टकांतील कपाच्या आकड्यांवरून दर मिलिलिटरला येणारे ग्रॅम असे : बेदाणे हलके ०.६१, दाबून ०.७०, खजुराचे तुकडे ०.६२, सुके अंजीर ०.६३; अर्धे केलेले जर्दाळू ०.५५, काजू ०.५८, पिस्ते ०.५२, बदाम अख्खे ०.६०, पातळ काप ०.३९, पूड ०.४०, अक्रोड अर्धुके ०.४२, तुकडे ०.४९, पूड ०.३४. सपाट भरलेल्या १५० मिलिलिटरच्या वाटीसाठी याचा अर्थ बेदाणे ९२, खजूर ९३, अंजीर ९४, जर्दाळू ८२, काजू ८७, पिस्ते ७८ ग्रॅम असा होतो. वाटी १८० मिलिलिटरची असेल तर प्रत्येक अंक एकपंचमांशाने वाढवावा.

हे अंक परदेशी मालावरून घेतलेले आहेत. म्हणून ते अखेरचे प्रमाण मानू नयेत. खारीक, सुके खोबरे, डिंक यांसारख्या मराठी घरातील जिनसांसाठी तर घरचा काटाच वापरणे श्रेयस्कर. तीच वाटी त्याच हाताने तीनदा भरावी, तीनदा तोलावी आणि सरासरी काढावी. तीन वजनांत मोठी तफावत आली, तर दोष काट्याचा नसून भरण्याच्या रीतीचा आहे असे समजावे.

७. समारोप

पाककृतीची जुनी वही हा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक दस्तऐवज आहे. ती लिहिणाऱ्या स्त्रीच्या हातात काटा नव्हता, परंतु तिच्या बोलण्यात शीग होती, काठ होता, ‘दाबून’ आणि ‘हलक्या हाताने’ होते, आणि कूट आधी की माप आधी हे सांगणारा विराम होता. तिचे माप सैल नव्हते. ते लिहिण्याची रीत अपुरी पडली. अशा वह्यांचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून ‘१ वाटी’ समोर थेट ग्रॅमचा आकडा लिहू नये. बाळंतिणीच्या लाडवांची कृती माहीत असलेली व्यक्ती हयात असेल, तर तिच्याच वाटीने, तिच्याच हाताने ते माप भरवून घ्यावे, ती भरताना काय म्हणते ते शब्दशः टिपावे, आणि मगच ते काट्यावर ठेवावे. आकडा त्यानंतर केव्हाही काढता येतो. भरणारा हात आणि त्याच्याबरोबरचा शब्द मात्र पुढल्या पिढीत उपलब्ध असेलच असे नाही.